मॅटाडोरचा एक्झॉस्ट आणि अल्टरनेटरची बैठक : धुळ्याच्या एका वर्कशॉपमधील कामाविषयी

माझ्याकडे 1974 साली नोंदणी झालेली बजाज टेम्पोची मॅटाडोर आहे. वडिलांनी ती रावेर-सावद्याकडच्या केळीच्या भाड्यासाठी घेतली होती. आता ती माझ्या अंगणात असते आणि महिन्यातून दोन-तीनदा बाहेर पडते. तिच्या एक्झॉस्टचे (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाचे) आणि अल्टरनेटरच्या (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) बैठकीचे, म्हणजे तो बसवायच्या आधाराचे, काम मी धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतले. काम मनासारखे झाले, व्यवहार तितकासा झाला नाही. म्हणून वर्कशॉपचे नाव न देता कामाचेच परीक्षण करतो आहे.

आधी दुखणे काय होते ते सांगायला हवे. वीज बनवणारा जुना डायनॅमो इंजिनच्या कमी फेऱ्यांवर पुरेशी वीज देत नसे, त्यामुळे गाडी उभी राहिली की हेडलाइट मंद होत. म्हणून चार वर्षांपूर्वी जळगावात एका मिस्त्रीकडून अल्टरनेटर बसवून घेतला. त्याने दोन सुताची चापट पट्टी वाकवून डायनॅमोच्याच जागी वेल्डिंग केली आणि अल्टरनेटर टांगला. डायनॅमो लांबट आणि बारीक असतो, अल्टरनेटर आखूड आणि जाड. त्यामुळे अल्टरनेटरची पाठ मॅनिफोल्डमधून (इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांमधून) खाली उतरणाऱ्या पाइपाला जेमतेम दोन बोटांवर आली. अल्टरनेटरची वीज बॅटरीसाठी एकदिश करणाऱ्या डायोडची प्लेट नेमकी पाठीलाच असते. लागोपाठच्या दोन वैशाखांत ती प्लेट जळाली आणि दोन्ही वेळा मला ‘माल डुप्लिकेट निघाला’ असे सांगण्यात आले. माल ठीक होता. खानदेशात हवाच 44 अंशांवर असते, मॅटाडोरचे इंजिन केबिनमध्ये दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली कोंडलेले, आणि त्यात शेजारी तापलेला पाइप; तिथे कोणताही डायोड टिकणार नाही.

धुळ्याच्या वर्कशॉपचे पहिले श्रेय हे, की तेथील वयस्कर मिस्त्रींनी ‘काय काम शे, भाऊ?’ एवढे विचारून झाकण उघडले आणि अल्टरनेटरला हात लावण्याआधी पाइपाकडे बोट दाखवले. ही दोन कामे वेगळी नाहीत, एक्झॉस्टची वाट बदलल्याशिवाय अल्टरनेटर कुठेही बसवला तरी तो भाजणारच, हे त्यांनी पाच मिनिटांत ओळखले; मला ते कळायला चार वर्षे आणि दोन डायोड प्लेट लागल्या होत्या.

माझी अट एकच होती : चेसिसला आणि इंजिनच्या ब्लॉकला वेल्डिंग करायचे नाही, काही कापायचे नाही, सर्व काही बोल्टवर बसले पाहिजे आणि उद्या सुटले पाहिजे. ही हौशी माणसाची लहर नव्हे. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे जे नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अपेक्षा आहे. माझी गाडी आता त्या वयात आली आहे, आणि व्हिंटेज गाडीची ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मला एका चापट पट्टीपायी गमवायची नव्हती.

ब्रॅकेटचे काम मी दिवसभर स्टुलावर बसून पाहिले. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, मग तीन सुताच्या पत्र्यातून दोन गाल काढले आणि त्यांच्यामध्ये त्रिकोणी आधार दिले, कारण डिझेल इंजिनाच्या थरथरीत एकेरी पट्टी वाकते आणि बोल्टचे भोक हळूहळू लांबट होते. ब्लॉकवर मुळात असलेल्या आट्यांच्या तीन भोकांवरच हे ब्रॅकेट बसले. अल्टरनेटरचे खालचे दोन कान (बोल्टासाठी भोक असलेले पुढे आलेले भाग) ब्रॅकेटवर चढवल्यावर मागच्या कानाशी सुमारे तीन मिलिमीटरची फट राहिली. इथेच बहुतेक गॅरेजांत हात आखडतो : बोल्ट आवळून फट मिटवली जाते, अ‍ॅल्युमिनियमचा कान ताणाखाली राहतो आणि काही महिन्यांनी तडकतो. मिस्त्रींनी लेथवर फट भरणारे पोलादी बुश (छोटी नळी) उतरवले, दोनदा घासून पाहिले आणि ते बोटाच्या दाबाने सरकत आत जाईल इतके बरोबर आले तेव्हाच बोल्ट घातला. नंतर क्रँकच्या पुलीपासून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत दोरा ताणून रेषा पाहिली, आणि पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच खाली जाईल एवढा ताण ठेवला.

अल्टरनेटर त्यांनी बिनपंपाचा निवडला, तेही योग्यच. काही डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो, त्याला इंजिनचे तेल पुरवावे लागते, आणि आमच्या गाडीला त्याची गरज नाही.

एक्झॉस्टमध्ये खालचा पाइप आधी जमिनीकडे आणि मग मागे असा वळवून अल्टरनेटरपासून वीतभर दूर नेला. इंजिन रबरावर हलते आणि चेसिस हलत नाही, म्हणून मध्ये जाळीचा लवचीक तुकडा दिला; तो नसता तर सगळा झटका मॅनिफोल्डच्या स्टडवर आला असता. पाइपाला उष्णता अडवणारी दोरी गुंडाळण्याऐवजी स्टेनलेसच्या पत्र्याची आडभिंत उभी केली आणि तिच्या दोन्ही बाजूंना हवा खेळेल अशी जागा ठेवली. शेवटी थंड इंजिन सुरू करून मागच्या तोंडावर चिंधी दाबली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी सोडले. एका फ्लँजला (पाइप जोडणाऱ्या कड्याला) बुडबुडे आले, तो पुन्हा आवळला. ज्या गाडीत इंजिन चालकाच्या मांडीशेजारी असते, तिथे कार्बन मोनॉक्साइडची गळती नाकाला कळत नाही; ही तपासणी न करणाऱ्या माणसाकडे मी मॅटाडोर देणार नाही.

आता तक्रारी. आठ दिवसांचे काम तेवीस दिवस चालले आणि दरवेळी फोन मलाच करावा लागला. पाइप वाचवण्यासाठी एका पोऱ्याने धुराचे तोंड मागच्या चाकाच्या आधीच डावीकडे काढले होते. 1989 च्या मोटार वाहन नियमांनुसार धूर मागे किंवा उजवीकडे सोडायचा असतो, डावीकडे किंवा खाली नाही, आणि पाइप इंधनाच्या नळीपासून 35 मिलिमीटरच्या आत असता कामा नये. हे दाखवल्यावर पाइप मागेपर्यंत नेला, मात्र वाढीव पाइपाचे पैसे माझ्याच बिलात आले. वायरिंगमध्ये डायनॅमोची जुनी बारीक तार तशीच ठेवली होती. अल्टरनेटरवर 14.2 व्होल्ट आणि बॅटरीवर 13.4, असा फरक मीटरवर दिसल्यावर मी 10 चौरस मिलिमीटरची तार आणून दिली. आता बॅटरीवर 14.1 मिळतात. बिल हाताने लिहिलेले, 14,500 रुपयांचे, एकरकमी; मजुरी किती आणि माल किती, हे विचारल्यावर केवळ हसणे मिळाले.

परतताना पारोळ्याच्या अलीकडे पट्टा किंचाळू लागला. पट्ट्याचा ताण धरून ठेवणाऱ्या वरच्या खाचेच्या पट्टीचा बोल्ट ढिला होता. त्याखाली स्प्रिंग वॉशरच नव्हता. ज्या हातांनी तीन मिलिमीटरचे बुश दोनदा घासले, त्याच हातांना दोन रुपयांच्या वॉशरचा विसर पडावा, याचे मला अजून नवल वाटते. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडून वॉशर घेतला आणि पुढे निघालो.

त्यानंतर चाळीसगावहून कन्नड घाट भर दुपारी दुसऱ्या गिअरमध्ये चढून पाहिला. वर पोहोचताच झाकण उघडून लेझर थर्मामीटर लावला : अल्टरनेटरची पाठ 71 अंश. जुन्या जोडणीत घाट न चढताही ती 98 अंशांवर गेलेली मी पाहिली होती. हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम लावूनही चार्जिंगचा दिवा लागला नाही.

ताशी साठच्या आसपास सायलेन्सर अजून घुमतो आणि मागच्या सीटवरील माणसाला बोलताना आवाज चढवावा लागतो. पाइपाचा व्यास गरजेपेक्षा मोठा घेतल्याचा हा परिणाम असावा, असे मला वाटते. मिस्त्रींच्या मते मागे एक छोटा डबा वाढवला की पुरेल. त्यासाठी त्यांनी दिवाळीनंतर बोलावले आहे. गाडी तिथेच नेईन, बिलाची फोड आधी लिहून घेईन, आणि स्प्रिंग वॉशरची पुडी घरूनच नेईन.