सातारा–मिरज पॅसेंजर: एका दिवसात काय जमतं, काय नाही

सातारा ते सांगली हा लोहमार्ग सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, मिरज त्याच्या जरा पुढे. वेळ वाचवायचा असेल तर हायवेने जा. पॅसेंजर घ्यायची ती खिडकीसाठी आणि मधल्या स्टेशनांसाठी. त्यासाठी ती झकास आहे, पण एक अट पाळली तरच: जाताना पॅसेंजर, मधे फार तर एका स्टेशनावर उतरणं, आणि येताना एक्सप्रेस. दोन-तीन ठिकाणी उतरायचा बेत केलात की दिवस फलाटावरच जातो, कारण मागची पॅसेंजर लगेच येत नाही.

सातारा स्टेशन माहुलीजवळ, शहराबाहेर आहे. एसटी स्टँडवरून रिक्षाने निघालात तरी पाऊण तास हातात ठेवा. सकाळी लवकर शेअर रिक्षा भरायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ तिकिटाचा होतो. 500 किलोमीटरच्या आतल्या तिकिटावर मधे उतरून पुढच्या गाडीने प्रवास चालू ठेवता येत नाही. म्हणजे सातारा–मिरज तिकीट काढून कराडला उतरलात तर उरलेलं तिकीट वाया. जिथे उतरायचं तिथपर्यंतचंच काढा, पुढचं तिथे गेल्यावर. पॅसेंजरचं किमान भाडं 10 रुपये, त्यामुळे तुकडे केल्याने खिशाला फारसा फरक पडत नाही. अनारक्षित तिकिटावर 3 तासांत किंवा त्या दिशेच्या पहिल्या गाडीने, यातलं जे उशिरा असेल तोवर, प्रवास सुरू करावा लागतो. म्हणून परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवायच्या भानगडीत पडू नका.

मोबाइलवर रेल्वेच्या ॲपने तिकीट काढताना गाडीचा प्रकार विचारतात: साधी, मेल-एक्सप्रेस की सुपरफास्ट. घाईत ‘साधी’वर बोट पडतं आणि माणूस एक्सप्रेसमध्ये चढतो. तपासनीस आला की भाड्याचा फरक आणि वर किमान 250 रुपये. गोवा एक्सप्रेस सुपरफास्ट आहे, तिला वेगळा अधिभार. वंदे भारतला तर अनारक्षित डबाच नाही. आणखी एक: ॲपवरचं पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आवारात उभं राहून निघत नाही. बाहेर रिक्षातच काढा, नाहीतर स्टेशनवर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करा. ते रद्द होत नाही आणि त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही, तेव्हा चार्जिंग सांभाळा.

बसायचं कुठे? मिरजेकडे तोंड करून उजवीकडे. सकाळचं ऊन डावीकडून येतं, आणि कृष्णाकाठ, ऊस, मागचे डोंगर सगळं उजवीकडे. दुपारनंतर परतताना याचा उलटा हिशेब: नजारा डावीकडे आणि ऊनही डावीकडेच. तेव्हा सावली हवी की नजारा, एक काय ते ठरवा. गाडी डेमू (डब्यातच डिझेल इंजिन असलेली) असेल तर दोन्ही टोकांच्या डब्यांत इंजिनाची घरघर आणि गरम हवा असते. मधल्या डब्यात बसा. शौचालयाचा नळ सुटतोय का, हे जागा धरण्याआधी बघून घ्या. पिण्याचं पाणी घरूनच न्या. खाण्याची चिंता नको, कराडच्या पुढे शेंगदाणे, भेळ, पेरू असं काही ना काही येतंच.

गाडी रखडते ती बहुधा एक्सप्रेसला वाट द्यायला. पॅसेंजर लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतात आणि मागची गाडी पुढे काढतात. मेगाब्लॉकच्या दिवशी पॅसेंजर मधेच संपवतात किंवा रद्दच करतात, म्हणून आदल्या रात्री ॲपवर बघणं आलंच.

मधे उतरायचं कुठे? आमची शिफारस भिलवडी, तिथून औदुंबरच्या दत्ताला जाता येतं. रहिमतपूरला उतरून औंधची यमाई आणि संग्रहालय करता येतं, पण स्टेशनपासून औंध लांब आणि वाहनाची खात्री नाही. तिकडे गाडी घेऊनच जावं. कराड स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीला आहे. शहर बघायला ते गैरसोयीचं, पण सदाशिवगड चढायला सोयीचं, कारण गड त्याच बाजूला आहे. चढायचा असेल तर उन्हाच्या आधी. शेणोली हे उतरायचं स्टेशन नाही, पण तिथून जाताना लक्षात ठेवावं असं आहे: 7 जून 1943 ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इथेच पगाराची रक्कम नेणारी इंग्रज सरकारची गाडी लुटली.

भिलवडी स्टेशन गावापासून दूर आहे, चालत जाऊ नका. रिक्षावाल्याशी औदुंबरपर्यंतचे पैसे आधीच ठरवा. दत्ताचं देऊळ कृष्णेच्या काठावर, समोरच्या तीरावर भुवनेश्वरी. नाव चालू असेल तर दोन्ही होतं. पुराच्या दिवसांत पाणी देवळात शिरतं, तेव्हा हा बेत नको. गुरुवारी आणि पौर्णिमेला रांग मोठी. दर्शन झाल्यावर परत स्टेशनवर येऊन पॅसेंजरची वाट बघण्यात अर्थ नाही. सरळ एसटीने सांगली गाठा.

सांगलीत गणपती मंदिर आणि भडंगाची खरेदी दोन तासांत उरकते. मिरजेला मात्र वेळ द्या. मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात सतारी आणि तंबोरे घडवणारी दुकानं आहेत. छताला टांगलेले वाळके भोपळे, खाली त्याला जोडलेली दांडी, बाजूला तारा लावत बसलेला कारागीर, सगळं रस्त्यावरूनही दिसतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कामात असलेल्या माणसाला विचारून मगच फोटो काढा.

परतीची गाडी सांगलीपेक्षा मिरजेहून धरा. जंक्शन असल्याने गाड्यांची निवड जास्त, आणि सांगलीला गर्दी चढायच्या आत बसायला जागा मिळण्याची शक्यता बरी. आषाढी-कार्तिकीला ही मात्रा चालत नाही; तेव्हा पंढरपूरची गर्दी मिरजेतच असते, सरळ आरक्षण करा.