‘बायपास’ की ‘सर्कमव्हेंट’?

नाशिकरोडला राहणाऱ्या माझ्या भाचीने परवा एका कार्यालयीन पत्राचा मसुदा दाखवला. ‘विभागप्रमुखांना वगळून थेट मुख्यालयाला कळवले’ हे इंग्रजीत लिहिताना ‘बायपास’ घ्यावे की ‘सर्कमव्हेंट’, असा तिला पेच पडला होता.

पहिली कसोटी कर्माची. ‘बायपास’ला गाव, चौक, माणूस, समिती असे कोणतेही कर्म चालते. पाथर्डी फाट्याकडून उड्डाणपुलावरून आडगावकडे जाणारा ट्रक द्वारका चौक ‘बायपास’ करतो. तिथे ‘सर्कमव्हेंट’ लिहिले तर वाचक अडखळतो. लॅटिनमध्ये ‘सर्कम’ म्हणजे भोवती आणि ‘व्हेनिरे’ म्हणजे येणे; तरीही आज हे क्रियापद रस्त्यापेक्षा नियम, बंदी आणि निर्बंध यांच्याच सोबतीला अधिक दिसते.

दुसरी कसोटी ठपक्याची, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. नियम ‘सर्कमव्हेंट’ केला म्हटले की तो उघडपणे मोडला नाही, पण पळवाट काढून त्याचा हेतू विफल केला, असा सूर बहुधा लागतो. ‘बायपास’मध्ये मधला टप्पा गाळणे एवढेच मुख्य असते, दोष आहे की नाही, हे संदर्भ ठरवतो. पत्रातला एक शब्द सहकाऱ्यावर नकळत आरोप करून जातो, म्हणून हे जपायलाच हवे.

रूपांचे म्हणाल, तर ‘बायपास’ नाम म्हणूनही तसेच राहते. दुसऱ्याचे ‘सर्कमव्हेन्शन’ होते.

तेव्हा रस्ता, टप्पा किंवा व्यक्ती वगळली असेल तर ‘बायपास’ आणि कायद्यातील पळवाटेविषयी लिहायचे असेल तर ‘सर्कमव्हेंट’. भाचीच्या पत्रात ‘बायपास’च योग्य.