सिपोरेक्सच्या भिंतीवर गिझर टांगायचा तर: गिट्टी, फास्टनर, केमिकल की आरपार बोल्ट?

सांगलीत गावभागातल्या आमच्या जुन्या घरात भिंतीत खुंटी ठोकायची म्हणजे हात भरून यायचे. विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा ड्रिल लावलं, तर हळदीच्या पोत्यात दाभण घुसावा तसं बिट आत गेलं आणि फरशीवर विटेच्या लाल भुकटीऐवजी पांढुरकं पीठ सांडलं. भिंत एएसी ब्लॉकची (आत हवेची बारीक छिद्रं असलेला हलका काँक्रीटचा ब्लॉक), म्हणजे मिस्त्री लोक सरसकट ज्याला सिपोरेक्स म्हणतात ती. इलेक्ट्रिशियनने सवयीप्रमाणे गिझरसाठी १० एमएमचे लोखंडी अँकर फास्टनर ठोकले आणि पान्याने आवळले. दुसऱ्याच वेढ्याला कट् असा आवाज झाला, आणि प्लास्टरसकट बशीएवढा ढलपा निघून आला. नशीब, गिझर अजून खोक्यातच होता.

आता मावसभाऊ तळमजल्यावर फ्लॅट घेतोय. "दादा, भिंतीत नेमकं मारायचं काय?" असं त्याने विचारलं, तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी फास्टनरचं, कारण हार्डवेअरच्या दुकानात पहिल्यांदा तोच हातात ठेवतात. तो आवळला की आत फुगतो आणि भोकाच्या कडांवर दाब देऊन धरून बसतो. काँक्रीट हा दाब सोसतं. एएसी ब्लॉकची घनता घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, म्हणजे भाजलेल्या विटेच्या निम्म्याहूनही कमी. तो दाबाखाली चुरतो. जितकं आवळाल तितकं भोक मोठं होतं. त्यामुळे "जाड बोल्ट मारा, काही होत नाही" हा सल्ला इथे उलटा पडतो. हे फास्टनर वापरायचेच तर बीम-कॉलममध्ये वापरा. गिझरच्या वर स्लॅबचा बीम जात असेल, तर त्यात पट्टी अडकवून खाली टांगणं हा उत्तम मार्ग आहे, पण तो प्रत्येक बाथरूममध्ये जमत नाही.

साधी प्लॅस्टिकची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती नळी, घड्याळ, फोटो, टॉवेल रॉडपुरती. तिच्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

एएसीसाठी वेगळी नायलॉनची गिट्टी मिळते, अंगावर मळसूत्री पंख असलेली. हातोडीने ठोकली की पंख ब्लॉकमध्ये चर पाडत आत जातात आणि फुगण्याऐवजी रुतून बसतात. टीव्ही आणि किचनच्या वरच्या कपाटांना ती पुरते, पण दोन्हीकडे एकेक मेख आहे. कपाटाला चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारून डाळी-तांदळाचे स्टीलचे डबे भरू नका. आधी भिंतीवर लांब लोखंडी रेल आठ-दहा गिट्ट्यांवर बसवा आणि कपाट तिच्यावर टांगा, म्हणजे भार विभागला जातो. टीव्हीत वजनापेक्षा तरफ महत्त्वाची. ९ किलोचा टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर प्रश्नच नाही. तोच फिरत्या हातावर ५० सेंटिमीटर पुढे ओढला आणि प्लेटचे वरचे-खालचे स्क्रू २० सेंटिमीटर अंतरावर असले, तर वरच्या स्क्रूंवर बाहेरची ओढ २२ किलोच्या वर जाते. मी तरी या भिंतीवर फिरता स्टँड नुसत्या गिट्टीवर लावणार नाही.

गिझरकडे वळू. २५ लिटरचा गिझर म्हणजे २५ किलो पाणी अधिक टाकी, ३५ किलोच्या आसपास, तेही रोज डोक्यावर. इथे केमिकल की आरपार बोल्ट, एवढाच निर्णय उरतो.

केमिकल अँकर म्हणजे भोकात रेझिन (वाळून कडक होणारं चिकट रसायन) भरून त्यात आट्यांचा रॉड बसवायचा. ते ब्लॉकच्या छिद्रांत शिरून घट्ट होतं. फुगण्याचा दाब नाही, त्यामुळे तडा नाही. पण सगळी करामत भोक साफ करण्यात आहे. फुंकणी, ब्रश, पुन्हा फुंकणी. पीठ आत राहिलं तर रेझिन पिठाला चिकटतं, भिंतीला नाही. पहिले दोन-तीन पिचकारे फेकून द्यायचे, रंग एकसारखा आला की मगच भरायचं. डब्यावर लिहिलेला वेळ पुरा होईपर्यंत नट आवळायचा नाही, आणि थंडीत हा वेळ वाढतो. आमच्या माणसाला चहा होईपर्यंतही दम धरवत नव्हता.

आरपार बोल्टला असलं कौशल्य लागत नाही. भिंतीतून रॉड काढायचा आणि पलीकडे हाताच्या पंजाएवढी लोखंडी प्लेट लावायची. ताकदीला हा सगळ्यांत बिनघोर. अडचण पलीकडच्या खोलीची: बेडरूमच्या भिंतीवर दोन नट दिसतात, आणि पलीकडे बाहेरची भिंत असेल तर पावसाचं पाणी झिरपू नये म्हणून सीलंट लागतं. चार इंची भिंत असेल तर मी डोळे झाकून हाच घेईन, कारण तिथे केमिकलला पुरेशी खोली मिळत नाही. सहा-आठ इंची भिंतीत केमिकल.

पद्धत कोणतीही असो, ड्रिलचा हॅमर बंद. "हॅमर लावला की पटदिशी होतंय" असं कोणी म्हणालं तर त्याच्या हातातून ड्रिल घ्या. प्लास्टरची जाडी पकडीत धरू नका. गिट्टीची पूर्ण लांबी ब्लॉकमध्येच हवी.

राहिली इन्व्हर्टरची बॅटरी. २००५ आणि २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला ती उंचावर हवी असते, आणि भावालाही ती भिंतीवरच हवी होती. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ५० किलोच्या वर भरते, शिवाय आत ॲसिड. ती भिंतीवर नाहीच. जमिनीवर उभा राहणारा उंच लोखंडी स्टँड करून घे, त्याला भिंतीचा फक्त आधार दे, म्हटलं.

त्याच्या फ्लॅटला अजून प्लास्टर व्हायचं होतं, म्हणून एक स्वस्तातली गोष्ट जमली. रविवारी तो खडू आणि टेप घेऊन साइटवर गेला आणि गिझरच्या जागी भिंतीवर चौकोन आखून आला. मिस्त्रीने कुरकुर केली, पण सोमवारी तेवढे दोन ब्लॉक काढून तिथे काँक्रीट भरलं.