सूर न धरणाऱ्या गिटारची दुरुस्ती: पुण्यातील एका कार्यशाळेचा अनुभव

माझी स्ट्रॅटोकास्टर धाटणीची इलेक्ट्रिक गिटार ट्रेमोलोचा (सर्व तारांचा ताण एकदम बदलून सूर हलवणाऱ्या यंत्रणेचा) दांडा एकदा दाबला की बेसूर होत असे, आणि नव्या खुंट्या बसवल्याखेरीज ती सुधारणार नाही, असे मला एका दुकानात सांगण्यात आले होते. या कार्यशाळेतील कारागिरांनी मात्र खुंट्यांना हात लावण्याआधी तिसरी, म्हणजे जी तार, हळूहळू ताणून नटपाशी (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून खुंट्यांकडे जातात त्या पट्टीपाशी) येणारा बारीक ‘टिंग’ आवाज मला ऐकवला. नऊऐवजी दहाचा संच (सर्वांत बारीक तार इंचाच्या नऊऐवजी दहा हजारांश जाडीची) चढवल्यामुळे जाड झालेल्या तारा नटच्या अरुंद खाचांत अडकत होत्या. दांडा सोडल्यावर त्या पूर्ण मागे सरकत नसल्याने सूर चढा राहत होता, तर तार ओढून मींड घेतल्यावर तोच सूर उतरत होता.

त्यांनी खाचा बारीक कानशीने रुंद केल्या, पण खोली मुळीच वाढवली नाही. ही काळजी मला फार मोलाची वाटते, कारण खाच अधिक खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरील धातूच्या पट्टीवर) खरखरते आणि बहुधा नटच बदलावा लागतो. जाड तारांच्या ओढीने ब्रिज, म्हणजे तारांचे दुसरे टोक धरणारा भाग, पुढे कलला होता, म्हणून त्याला उलट ओढणाऱ्या, मागच्या पोकळीतील स्प्रिंगांचा ताणही वाढवण्यात आला. तारा सहज सरकाव्यात म्हणून खाचांत पेन्सिलीचे शिसे लावले.

कामाला सहा दिवस लागले, हे थोडे अधिकच झाले. मजुरी ८०० रुपये झाली. जुन्या खुंट्या तशाच आहेत आणि दोन तासांच्या तालमीनंतरही गिटार सुरात राहते.