फाशी मागायची, की शिक्षेत सूट नसलेली जन्मठेप?

खुनाचा दोष सिद्ध झाला की शिक्षेच्या युक्तिवादाआधी सरकारी वकील मयताच्या घरच्यांना विचारतात, तुमचं म्हणणं काय? जळगाव-धुळ्याकडे उत्तर ठरलेलं असतं: फाशीच. हल्ली मात्र "अण्णा, दुसरं काय मिळू शकतं?" असं हळूच विचारणारे वाढलेत असं वाटतं. मोजलेलं नाही. अमेरिकेत मोजलंय. गॅलपच्या पाहणीत १९९४ मध्ये ८० टक्के लोक मृत्युदंडाच्या बाजूने होते, २०२४ मध्ये ५३. आणि २०१९ मध्ये 'मृत्युदंड की पॅरोलविना आजन्म कैद' असं विचारलं, तेव्हा ६० टक्के लोकांनी कैद निवडली.

फाशीची जमेची बाजू खरी आहे. शिक्षा कायम करण्यासाठी प्रकरण आपोआप उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातं, घरच्यांना वेगळी धावपळ नाही. नडतं ते पुढे. सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकन, राज्यपाल, राष्ट्रपती. दर टप्प्याला बातमी येते आणि ऐन कापूस वेचणीत दारात कॅमेरे. वर हाच उशीर आरोपीच्या कामी येतो. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जन्मठेपेवर आणली, कारण दयेचे अर्ज सात वर्षांहून जास्त पडून होते. पुण्यातल्या २००७ च्या बीपीओ खून प्रकरणातली फाशी २०१९ मध्ये ३५ वर्षांच्या कैदेवर आली. कैदच मिळायची, तर इतकी वर्षं जखम उघडी का ठेवायची? माझं पारडं झुकतं ते इथेच.

पण नुसत्या जन्मठेपेवर समाधान मानू नका. चौदा वर्षं भरली की शिक्षेत सूट देऊन सोडण्याचा प्रस्ताव चालू शकतो, आणि त्याआधीही फर्लोवर, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या रजेवर, आलेला माणूस आठवडे बाजारात समोर उभा राहतो. 'तीस वर्षं सूट नाही' असं लिहून घ्यायचं तर सत्र न्यायालयाला तो अधिकार नाही; सर्वोच्च न्यायालयाच्या श्रीहरन निकालाने (२०१५) तो उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापुरताच ठेवलाय. सामूहिक बलात्कारासारख्या काही कलमांत 'उर्वरित नैसर्गिक आयुष्य' ही शिक्षा कायद्यातच आहे, तिथे प्रश्न नाही. बाकी ठिकाणी शिक्षा वाढवण्याचं अपील सरकारनेच करायचं असतं. घरच्यांना निर्दोष सुटका, कमी गंभीर कलम किंवा अपुरी भरपाई एवढ्यावरच अपील करता येतं. बऱ्याच जणांना हे मुदत गेल्यावर कळतं.

तरीही फाशीच मागायची असेल तर हरकत नाही, फक्त घाई नको. सर्वोच्च न्यायालयाच्या मनोज निकालानंतर (२०२२) आरोपीच्या तुरुंगातल्या वर्तनाचा, मानसिक तपासणीचा आणि त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल आधी लागतो. सकाळी दोषी आणि दुपारी फाशी असा निकाल टाळ्या घेतो आणि वरच्या कोर्टात ढासळतो.

जन्मठेप झाली तर त्याच दिवशी निकालाच्या नकलेसाठी अर्ज टाका. नक्कल हातात आली की शिक्षावाढीच्या अपिलासाठी जिल्हा सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.