मेनूतला चालू पर्याय उठून दिसावा: क्लिक ऐकायचा की पत्ता वाचायचा?

साइट अनेक पानांची असेल तर क्लिकवर विसंबू नका. सुरुवात बहुतेक जण तिथूनच करतात: जुन्या दुव्याचा ‘ॲक्टिव्ह’ क्लास (ज्यावरून रंगरूप ठरतं ती खूण) काढायचा, क्लिक केलेल्याला लावायचा. जावास्क्रिप्टमधल्या क्लासलिस्टच्या दोन ओळींत काम होतं, पण टिकतं क्षणभर. नवं पान उघडलं की जुन्यासोबत तो क्लासही जातो आणि मेनू पुन्हा कोरा. मग कुणी निवड लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात, ठेवतं. हा तर रोगापेक्षा इलाज भयंकर! वाचक बुकमार्कवरून आला किंवा त्याने बॅक दाबलं, की मेनू एक सांगतो आणि पान दुसरंच असतं.

पत्ता मात्र खोटं बोलत नाही. पान उघडल्यावर लोकेशनचं पाथनेम, म्हणजे पत्त्यातला साइटच्या नावानंतरचा मार्ग, घ्या, मेनूतल्या प्रत्येक दुव्याच्या पाथनेमशी ताडून पाहा, जुळेल त्याला खूण करा. खाचखळगे इथेही आहेत. गेटॲट्रिब्यूटने एचरेफ (दुव्यात लिहिलेला पत्ता) वाचलात तर तो लिहिला तसाच, कधी अर्धवट मिळतो. पाथनेम ही प्रॉपर्टी पूर्ण मार्ग देते. शेवटची तिरकी रेघ आणि ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ तुलनेआधी छाटा. उपपानांसाठी स्टार्ट्सविथ (मार्गाची नुसती सुरुवात जुळते का, ही तपासणी) वापरलंत तर ‘होम’ प्रत्येक पानावर उजळेल, कारण त्याचा मार्ग म्हणजे नुसती तिरकी रेघ आणि सगळे मार्ग तिथूनच सुरू होतात. होमपुरती तंतोतंत तुलना ठेवा.

क्लिकची जागा आहे ती पत्ता न बदलणाऱ्या टॅबमध्ये. एकपानी ॲपमध्ये (जिथे नवं पान न उघडता मजकूर बदलतो) पुन्हा पत्ताच बरा, फक्त पुशस्टेट या फंक्शनने पत्ता बदलला तरी पॉपस्टेट इव्हेंट, म्हणजे मागे-पुढे गेल्यावर ब्राउझर देतो ती सूचना, येत नाही. त्यामुळे तपासणीचं फंक्शन स्वतः बोलवावं लागतं.

एकाच लांब पानातले विभाग दाखवायचे असतील तर इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर (कोणता विभाग पडद्यावर आला हे कळवणारी ब्राउझरची सोय) घ्या. दर स्क्रोलला मोजमाप करत बसण्यापेक्षा तो हलका. रूटमार्जिन या त्याच्या सेटिंगने पडद्याचा वरखालचा भाग वगळून मध्ये अरुंद पट्टा ठेवलात, तर दोन विभागांची ओढाताण बरीच थांबते.

मेनू सर्व्हरवरच्या टेम्पलेटमधून येत असेल, तर खूण तिथेच करा. मग जावास्क्रिप्ट लागतच नाही, आणि आधी कोरा मेनू दिसून मग रंग चढण्याची उडीही टळते.

पद्धत कोणतीही घ्या, चालू पानाच्या दुव्याला नुसत्या क्लासऐवजी ‘एरिया-करंट’ हा ॲट्रिब्यूट लावून त्याची किंमत ‘पेज’ ठेवा. रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसला तेवढा धागा पुरतो, आणि पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही चालू पान कळतं. रंगासोबत एक अधोरेषाही द्या. रंगातला फरक सगळ्यांना दिसतोच असं नाही.