देवाबद्दल काहीच न विचारणारं लग्न: विशेष विवाह कायद्याच्या सेवेचं परीक्षण

नोंदणी विवाह ज्याखाली होतो त्या विशेष विवाह कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, लग्नाआधी द्यायच्या नोटीसचा नमुना दिला आहे. रकाने मोजकेच आहेत: नाव, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, कायमचा पत्ता, तिथं किती दिवसांपासून राहता. धर्माचा रकाना त्यात नाही, जातीचा नाही, गोत्राचा तर प्रश्नच नाही. अज्ञेयवादी माणसासाठी या सरकारी सेवेचं सगळ्यात मोठं मोल या न छापलेल्या रकान्यात आहे.

अज्ञेयवादी आणि नास्तिक यांत आपल्याकडे सर्रास गल्लत होते. देव नाही असं नास्तिक ठामपणे म्हणतो. देव आहे की नाही हे कळायला मार्ग नाही आणि जे कळलेलं नाही त्याच्या साक्षीनं शपथ घ्यायची नाही, ही अज्ञेयवाद्याची भूमिका. अशा जोडप्यापुढे लग्नाचे बाकीचे पर्याय ठेवून पाहा. वैदिक विधीत अग्नी साक्षीला असतो. आर्य समाजाचा विधी सुटसुटीत असला तरी हिंदू धर्माच्या चौकटीतलाच. सत्यशोधक पद्धतीनं डिसेंबर १८७३ पासून पुरोहिताला बाजूला सारलं, हे महाराष्ट्राचं मोठं काम. पण जोतीराव फुल्यांनी निर्मिकाला, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्या देवाला, बाजूला सारलं नव्हतं. काहीच कबूल न करता आणि काहीच न नाकारता लग्न करायचं असेल, तर नोंदणी विवाह उरतो.

‘न नाकारता’ हे शब्द इथं महत्त्वाचे आहेत. अज्ञेयवाद्यासाठीचा इंग्रजी शब्द थॉमस हक्सलीनं १८६९ मध्ये घडवला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७२ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला विशेष विवाह कायदा आला. बंगालमधले ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या अनुयायांना मूर्तिपूजेविना लग्न करायचं होतं, त्यांच्या खटपटीतून तो झाला. पण त्याखाली लग्न करणाऱ्याला लिहून द्यावं लागे, की मी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुठलाच धर्म मानत नाही. म्हणजे लग्न हवं तर आधी सगळं नाकारा. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीनं हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांतल्या लग्नापुरती या जाहीरनाम्यातून सूट मिळाली. आजचा कायदा १९५४ चा, १ जानेवारी १९५५ पासून लागू. त्यानं ती अट सगळ्यांसाठीच काढून टाकली. तुम्ही काय मानता हे सांगायचं नाही आणि काय मानत नाही तेही सांगायचं नाही. आपल्या संसदेनं केलेल्या सभ्य कामांत हे फार वरच्या क्रमांकावर ठेवावं लागेल.

आता प्रत्यक्ष सेवेकडे. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्याकडे होतं. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत जी विवाह नोंदणी होते, ती वेगळी. ती १९९८ च्या राज्य कायद्याखालची आणि आधीच झालेल्या लग्नाची नोंद असते; तिच्या ज्ञापनात, म्हणजे नोंदणीच्या अर्जात, विधी लावणाऱ्या भटजीची किंवा काझीची माहिती आणि सही लागते. विवाह अधिकाऱ्यासमोर मात्र लग्नच लागतं. हा फरक न कळल्यानं जोडपी चुकीच्या खिडकीवर जातात आणि तिथूनच एजंटाच्या हाती सापडतात.

एजंटाचा नेहमीचा प्रस्ताव असा: ‘महिनाभर कशाला थांबता, देवळात हार घालून फोटो काढू, दोन दिवसांत सर्टिफिकेट देतो.’ याला नाही म्हणायची दोन कारणं आहेत. एक म्हणजे, जो विधी झालेला नाही आणि ज्यावर तुमचा विश्वास नाही, तो झाला असं तुम्ही सही करून सांगता. दुसरं जास्त धोक्याचं. आवश्यक विधी झालेच नसतील, तर नुसत्या नोंदणीनं हिंदू विवाह वैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. दोन दिवसांत मिळालेलं ते प्रमाणपत्र दहा वर्षांनी पेन्शनच्या, वारशाच्या किंवा घटस्फोटाच्या वेळी पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळू शकतं.

खऱ्या वाटेवर पहिली अट आहे वास्तव्याची. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची, तिथं दोघांपैकी किमान एकानं नोटीसच्या लगेच आधीचे किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. वर २१ पूर्ण, वधू १८ पूर्ण. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्यू दाखला. एक जण परदेशी नागरिक असेल तर त्याच्या दूतावासाचं, लग्नाला आडकाठी नसल्याचं पत्र मागतात. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथून करावी. अर्ज विभागाच्या संकेतस्थळावर भरता येतो.

नावाबाबत मराठी माणसाची एक खास अडचण आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. पुढे परदेशी जायची जरासुद्धा शक्यता असेल तर विवाह प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टबरहुकूम हवं, अक्षरन् अक्षर. अर्ज भरतानाच ते पाहून घ्यावं. प्रमाणपत्र छापून आल्यावरची दुरुस्ती हे मोठं दुखणं असतं.

नोटीस दिली की दोन घड्याळं सुरू होतात आणि ती एकाच वेळी सुरू होत नाहीत. हरकतीचे ३० दिवस मोजतात ते नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून. नोटीसची एकूण मुदत, म्हणजे ३ महिने, मोजतात ती नोटीस दिल्यापासून. समजा १० जानेवारीला नोटीस दिली आणि विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर ती १३ ला लागली. लग्न १२ फेब्रुवारी उलटल्यावरच लागेल आणि १० एप्रिलच्या आत लागलं पाहिजे. ती तारीख हुकली तर नवी नोटीस, नवे ३० दिवस. परगावचे साक्षीदार आणि सलग सुट्ट्या यांत ही तारीख हुकते, म्हणून मुदतीच्या शेवटच्या आठवड्यावर कधीही विसंबू नये.

या सेवेचा सगळ्यात वाईट भाग तो फलक आहे. तुमचं नाव, वय, व्यवसाय आणि पत्ता कार्यालयात कुणालाही दिसेल असा लावला जातो. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटीसची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही लावायला जाते. घरच्यांचा विरोध म्हणून पुण्यात येऊन नोटीस देणारं जोडपं, साताऱ्याच्या किंवा लातूरच्या फलकावरही आपलं नाव लागणार आहे, हे बहुधा धरूनच चालत नाही. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्याच्या जिवावर बेतू शकेल अशी ही तरतूद आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये, जोडप्यानं लेखी मागणी केली तरच नोटीस प्रसिद्ध करावी, असा निर्णय दिला. तशी दुरुस्ती मात्र मूळ कायद्यात झालेली नाही. धर्मानुसार लग्न करणाऱ्याला महिनाभर आधी आपला पत्ता सरकारी फलकावर लावावा लागत नाही. मग धर्माविना लग्न करणाऱ्यालाच का लावावा लागतो, याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही.

हरकत आली म्हणून घाबरून जायचं कारण नाही. हरकतीला आधार चारच: दोघांपैकी कुणाचा जोडीदार हयात असणं, मानसिक अस्वास्थ्यामुळे संमती देता न येणं, वय कमी असणं आणि निषिद्ध नातं. आईवडिलांना पसंत नाही, जात वेगळी, धर्म वेगळा, ही कारणं कायद्यात बसत नाहीत. अधिकाऱ्यानं ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. निर्णय विरोधात गेला तर ३० दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. खोडसाळ हरकत घेणाऱ्याला दंड आहे, पण तो जास्तीत जास्त १,००० रुपये. १९५४ मध्ये त्या रकमेचा धाक वाटत असेल, आज अजिबात वाटत नाही. निषिद्ध नात्याबाबत महाराष्ट्रानं विशेष सावध राहावं. मामाची मुलगी आपल्या अनेक समाजांत रीतीनं चालते, पण या कायद्याच्या यादीत ती निषिद्ध आहे, आतेबहीणही. रूढीची सवलत कलमात आहे. मात्र इथं रूढी म्हणजे राज्य सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेला नियम. ‘आमच्यात चालतं’ एवढ्यावर अधिकारी पुढे जाणार नाही.

लग्नाचा दिवस मात्र मनापासून आवडावा असा आहे. दोघं आणि तीन साक्षीदार, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं. आधी प्रतिज्ञापत्रावर सह्या. मग एक वाक्य, दोघांनी एकमेकांना उद्देशून म्हणायचं: ‘मी, अमुक, तुला, अमुक, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो.’ तिनंही तसंच. दोघांना कळणाऱ्या कुठल्याही भाषेत चालतं, म्हणजे मराठीत म्हणायचा पूर्ण हक्क आहे. बाकी समारंभ हवा तो करा, कायद्याला हरकत नाही. पण हे वाक्य अधिकारी आणि तिन्ही साक्षीदारांच्या देखत उच्चारल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. गर्दीच्या कार्यालयात हे वाक्य गाळून थेट सह्या घेण्याकडे कल असू शकतो. तसं झालं तर थांबवा आणि वाक्य म्हणा. या लग्नातला मंत्र म्हणायचा तर तेवढाच आहे. जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या हॉलवर किंवा घरी बोलावण्याची सोयही कायद्यात आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी धार्मिक विधी करायचा असेल तर क्रम जपा. आधी नोंदणी, मग विधी. उलट केलं, तर प्रतिज्ञापत्रातलं ‘मी सध्या अविवाहित आहे’ हे वाक्य खोटं ठरतं, आणि खोट्या विधानाला शिक्षा आहे. विधी आधी झालाच असेल तर कलम १५ खाली अर्ज करावा. तिथं झालेलं लग्न या कायद्याखाली नोंदवलं जातं. ३० दिवसांची हरकतीची मुदत तिथंही असते. समलिंगी जोडप्यांना मात्र दोन्ही दारं बंद आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा त्यांच्यापर्यंत न्यायला नकार दिला.

लग्नाच्या वेळी धर्म विचारला नाही म्हणून तो कायमचा गेला असं समजू नये. वारशाच्या वेळी तो परत येतो. हिंदू कुटुंबात जन्मलेला अज्ञेयवादी कायद्याच्या लेखी हिंदूच असतो. विश्वास नसल्यानं त्यात फरक पडत नाही. दोघंही हिंदू असतील तर १९७६ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम २१क मुळे हिंदू वारसा कायदाच लागू राहतो. एक जण हिंदू आणि दुसरा मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल, तर हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचं धरलं जातं आणि पुढचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरतो. गावाकडे सामायिक जमीन असेल तर नोटीस देण्याआधी वकिलाला विचारा, नंतर नको.

प्रमाणपत्र परदेशात न्यायचं असेल तर गोष्ट आंतरराष्ट्रीय राजकारणात शिरते. भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांचे सरकारी कागद एकाच शिक्क्यावर मान्य करण्याच्या करारात, आहे: राज्याच्या पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर. अमिराती, कुवेत, कतार करारात नाहीत, तिथं दूतावासाचा शिक्का लागतो. जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला हरकत नोंदवली होती, त्यामुळे तिथं दूतावासामार्फत कागदपत्रांची वेगळी पडताळणी होते आणि तिला महिने जातात. जिथं जायचं त्या देशाचा नियम आधी पाहा, शिक्के नंतर मारा. प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रमाणित प्रती सुरुवातीलाच घ्या.

शेजारची दुकानं पाहिली की आपल्या सेवेची किंमत कळते. इस्राएलमध्ये लग्न धर्मसंस्थांच्या हाती आहे, ही उस्मानी साम्राज्याच्या व्यवस्थेची शिल्लक. ज्यांना ते नको ती जोडपी विमान पकडून सायप्रसला जातात आणि परत येऊन नोंद करतात. लेबनॉनमध्ये १८ मान्य पंथ आहेत, नागरी विवाहाचा देशी कायदा नाही. तिथंही वाट सायप्रसचीच. २०१३ मध्ये एका जोडप्यानं नोंदवहीतून आपला पंथ काढून टाकला, फ्रेंच अमलातल्या १९३६ च्या आदेशाचा आधार घेतला आणि देशातच नागरी विवाह नोंदवून दाखवला. अबू धाबीनं २०२१ च्या कायद्यानं नागरी विवाह सुरू केला, तो मुस्लिमेतरांसाठी.

आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून लग्न हा नागरी करार आहे आणि नागरी नोंदणी कार्यालयात दोनदा सही करावी लागते: आधी इरादा नोंदवायला, मग हरकतीची मुदत संपल्यावर तो कायम करायला. पहिल्या सहीनंतर देवळात सोहळा उरकून, लग्न झालं असं समजून राहिलेल्या बायकांची तिथं पुढे फसगत झालेली आहे. नवरा सोडून गेला की कळतं, दुसरी सही झालेलीच नाही. गोव्यात लग्न करणाऱ्यानं दुसऱ्या सहीची तारीख पहिल्या सहीच्या दिवशीच लिहून घ्यावी.